साडेतीन हात जागेचा व्यायाम : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

श्रीमारुतिरायाच्या कृपेने आणि लहानथोर देणगीदारांच्या उदार हातांनी आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मीही काही लिहावे, अशी समितीने आज्ञा केली. मी तालुका कचेरीतला कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. आवक-जावकाची नोंद आणि अर्जावरचा शेरा यापलीकडे माझ्या हातून फारसे लेखन घडत नाही. तरीपण मारुती हा बलाचा देव. त्याच्या स्मरणिकेत बलोपासनेविषयी चार शब्द असावेत, असे वाटल्याने हे धाडस करीत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय सुचण्यास एक कारण घडले. मंदिराशेजारची जुनी तालीम पडून आता बरीच वर्षे झाली. जीर्णोद्धाराच्या सभेत तरुण मंडळींनी मागणी केली, की तालमीच्या जागी खोली बांधून व्यायामाची यंत्रे आणावीत. वडीलधारी म्हणाली, की वर्गणी कळसाला आणि फरशीलाच पुरेना, यंत्रे कोठून आणायची? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. त्यामुळे बोलाचाली झाली, काही तरुण उठून गेले आणि पुढच्या श्रमदानाला फिरकले नाहीत. मी त्या दिवशी गप्प बसलो. जे बोलायचे राहिले, ते एका थोर पुरुषाच्या चरित्रातून येथे मांडतो.

हे थोर पुरुष म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधीपद निर्माण झाले आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आले. त्याच घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध हे गाव आहे. डोंगरावर यमाईदेवीचे ठाणे आणि पायथ्याशी राजधानी. संस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हत्ती-घोडे आणि भरलेले खजिने उभे राहतात. औंधचे तसे नव्हते. अवघी ७२ गावे, तीही आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेली. त्यातला आटपाडीसारखा मुलूख तर कायमचा दुष्काळी. पाऊस हुलकावणी देणार आणि रयत ज्वारी-बाजरीवर दिवस काढणार, अशी स्थिती. पुढे जे सांगायचे आहे, त्यासाठी ही गरिबी ध्यानात ठेवावी लागते.

बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. त्यांना चित्रकलेचा नाद होता, कीर्तनाची आवड होती. पुढे संस्थानिक झाल्यावरही ते स्वतः कीर्तनाला उभे राहत. पण लहानपणापासून मनाने घेतलेली आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे शरीर कमावण्याची. त्यांचे वडील श्रीनिवासराव नित्य सूर्यनमस्कार घालीत. मुलाने ते घरात पाहिलेले होते. तथापि घरची गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. बाळासाहेबांचेही तेच झाले.

त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. आपण अंगात घालतो त्या सँडो बनियनला ज्याचे नाव मिळाले, तोच हा. पिळदार शरीराचे प्रयोग करून दाखवावेत, व्यायामाची पुस्तके लिहावीत आणि साधने विकावीत, असा त्याचा उद्योग होता. सन १८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी त्याचे पुस्तक आणि साधने मिळवून त्या पद्धतीने व्यायाम सुरू केला. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. थोडेथोडके नव्हे, सुमारे दहा वर्षे त्यांनी हा क्रम नेटाने चालविला. म्हणजे हौस म्हणून चार दिवस करून साधने माळ्यावर टाकली, असा प्रकार नव्हता.

मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार घालण्यास आरंभ केला. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते. वाचकांनी या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. चाळिशी आली म्हणजे आपण व्यायामाचे नाव काढीत नाही. आता काय राहिले, असे म्हणून पाट सोडून खुर्ची घेतो आणि जिन्याचा कठडा धरतो. बाळासाहेबांनी त्या वयात नवा आरंभ केला. नवा तरी कसा म्हणावा? वडिलांचाच जुना व्यायाम त्यांनी फिरून हाती घेतला. विलायतेहून आलेली साधने बाजूला राहिली आणि वाड्यातली साडेतीन हात जमीन पुरेशी ठरली.

पुढच्याच वर्षी, १९०९ साली, ते औंधच्या गादीवर बसले. आता हाती अधिकार आला. तरीही त्यांनी पहिला हुकूम स्वतःच्या शरीरावर चालविला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पहाटे उठून नमस्कार घालण्याचा नेम त्यांनी चुकू दिला नाही. मग घरातील मंडळी, मग दरबारची माणसे आणि त्यानंतर संस्थानातील शाळा, असा हा व्यायाम पसरत गेला. शाळांतून मुलांना आणि मुलींनाही सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. मुलींनी व्यायाम करावा, हा विचार त्या काळात पुष्कळांना रुचणारा नव्हता. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत, त्यामुळे लोकांच्या तोंडाला आपोआप आळा बसला. जे दुसऱ्याला सांगायचे ते आधी आपल्या घरात, ही त्यांची रीत होती.

सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी शोधून काढले, असा काहींचा समज आहे. तो बरोबर नाही. सूर्याला साष्टांग प्रणिपात करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. समर्थ रामदासस्वामी रोज पुष्कळ नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. कृष्णेच्या खोऱ्यात समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींची ठाणी बलोपासनेची म्हणूनच ओळखली जातात. बाळासाहेबांनी काय केले, तर देवघरात आणि आखाड्यात चालत आलेल्या या गोष्टीला शिस्तबद्ध व्यायामाचे रूप दिले. कोणत्या वेळी श्वास घ्यावा, कोणत्या वेळी सोडावा, हातपाय कोठे टेकावेत, हे नीट ठरविले. त्यावर पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, प्रात्यक्षिके करून दाखविली. सन १९३६ मध्ये ते विलायतेस गेले, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षीचे त्यांचे सरळ शरीर पाहून तेथील वृत्तपत्रांनाही कुतूहल वाटले. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी पुढाकार घेऊन त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. ज्या देशांतून व्यायामाची साधने आपल्याकडे येत होती, त्या देशांत साधनाविण व्यायाम शिकवायला औंधचा राजा गेला, ही मौजेची आणि अभिमानाची गोष्ट होय.

या व्यायामाच्या बाजूने बाळासाहेब जी कारणे देत, ती साधी होती. याला खर्च नाही, साधन नाही, जोडीदार लागत नाही, मोठी जागा लागत नाही आणि पाऊस असो की थंडी, खाडा पडण्याचे निमित्त सापडत नाही. माझ्या अल्पमतीला यातले मर्म असे वाटते. डंबेल्स आणि स्प्रिंगा राजाला परवडत होत्या. ७२ गावांतल्या दुष्काळी रयतेच्या पोरांना त्या कोठून परवडणार? जे आपल्याला मिळते पण रयतेला मिळू शकत नाही, ते राजाने एकट्याने वापरले तर राजाचेच शरीर सुधारते. जमीन मात्र प्रत्येकाच्या घरात आहे.

याच माणसाचे बाकीचे चरित्र पाहिले, तर सगळीकडे हाच धागा दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, ती बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात दिली. त्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधात आश्रय दिला आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिला त्यांचे साहाय्य झाले. सन १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आपली चित्रे आणि कलावस्तू वाड्यात कुलूपबंद न ठेवता त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधले, ते आजही आपण जाऊन पाहू शकतो.

सर्वांत मोठी गोष्ट घडली ती वयाच्या सत्तराव्या वर्षी. सन १९३८ मध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर यांनी त्यासाठी मेहनत घेतली आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावच्या पंचायतीपासून वरपर्यंत लोकांचा कारभार सुरू झाला. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करून राहावे. दो आँखें बारह हाथ हा चित्रपट पुढे १९५७ साली निघाला, त्याला प्रेरणा याच प्रयोगाची. बेडी काढून माणसावर विश्वास टाकावा आणि यंत्र काढून शरीरावर विश्वास टाकावा, या दोन्ही गोष्टी एकाच मनातून आलेल्या दिसतात.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेबांनी देह ठेवला.

आता एक प्रांजळ गोष्ट लिहितो, कारण चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. बाळासाहेबांनी व्यायाम सक्तीचा केला. सक्तीने मुले रांगेत उभी राहिली, हे खरे. पण संस्थान गेले तशी फर्मानेही गेली. हुकमाने आलेली सवय हुकमाबरोबर जाते, हे आम्ही कचेरीत रोज पाहतो. साहेब बदलले की परिपत्रक कपाटात जाते. जो मनापासून नमस्कार घालू लागला, त्याचा व्यायाम मात्र कोणत्याही विलीनीकरणाने थांबणार नव्हता. दुसरे असे, की नमस्काराने जवळजवळ सगळे रोग जातात, असे त्या काळच्या पुस्तकांतून मोठ्या भक्तीने लिहिले जाई. आजचे वैद्यकशास्त्र इतके म्हणणार नाही. व्यायामाने रक्तदाब, साखर, वजन आणि मन ताब्यात राहण्यास मदत होते, परंतु औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की मोठ्या माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस तरी स्नायूंना जोर पडेल असे काम करावे. हिशेब केला तर रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एवढा वेळ आपण पारावर बसून सहज घालवितो.

ज्यांना रीत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका नमस्काराच्या दहा अवस्था. पहिली, पाय जुळवून ताठ उभे राहावे व हात छातीशी जोडावेत. दुसरी, श्वास सोडीत खाली वाकून तळवे पायांशेजारी टेकावेत. सुरुवातीला गुडघे वाकले तरी चालतील. तिसरी, श्वास घेत एक पाय मागे न्यावा व वर पाहावे. चौथी, दुसराही पाय मागे न्यावा व डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर फळीसारखे सरळ धरावे. पाचवी, श्वास सोडीत दोन पाऊले, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगे जमिनीला लावावीत. पोट मात्र टेकू नये. सहावी, श्वास घेत हातांवर जोर देऊन छाती उचलावी. सातवी, श्वास सोडीत कंबर उंच करावी व टाचा जमिनीकडे दाबाव्यात. आठवी, मागे नेलेला पहिला पाय पुढे आणावा. नववी, दुसरा पाय पुढे आणून वाकलेल्या स्थितीत यावे. दहावी, ताठ उभे राहावे. पुढच्या नमस्काराला पाय बदलावा. सूर्याची बारा नावे घेऊन बारा नमस्कार घालण्याची चाल आहे. कोणी नावे न घेता घातले, तरी शरीराला व्यायाम तोच घडतो. म्हणून यात कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला अडचण पडू नये.

वाकणे, रेटणे, ताणणे हे सर्व यात आले. फक्त हातांनी ओढण्याचे काम यात नाही. ते विहिरीचे पाणी शेंदताना आपोआप घडत असे. आता मोटार आल्याने ते गेले. त्यासाठी मजबूत फांदीला लोंबकळावे. मांड्यांसाठी वीस-पंचवीस बैठका जोडाव्यात. ज्यांना रक्तदाब, हर्निया, गुडघ्याचे किंवा पाठीचे दुखणे आहे आणि ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पोटभर जेवून नमस्कार घालू नयेत. पहिल्या दिवशी पाच पुरे. दर आठवड्याला दोन वाढवावेत. दम लागला तर थांबावे, लाज वाटू देऊ नये.

स्वतःविषयी लिहिणे शोभत नाही, पण पुराव्यादाखल लिहितो. दिवसभर खुर्चीत बसून माझे पोट टेबलाला लागू लागले होते. दुसऱ्या मजल्यावर दप्तर नेताना मधल्या पायरीवर टेकावे लागे. हप्त्यावर घरात पायाने चालवायची व्यायामाची सायकल आणली. दोन महिने चालविली. नंतर तिच्यावर टॉवेल वाळू लागले, हप्ते मात्र वर्षभर फेडले. रक्तातली साखर वाढण्याच्या सीमेवर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा डोळे उघडले. वडील अंगणात नमस्कार घालीत ते आठवले आणि मीही जमिनीवर आलो. पहिल्या दिवशी चार नमस्कारांत अंग थरथरले आणि सौभाग्यवतींनी धावत येऊन पाणी दिले. आज चोवीस घालतो. आखाड्यात उतरण्याजोगा झालो नाही, पण जिना एका दमात चढतो आणि साखर मर्यादेत आहे. चाळिशीत आरंभ केलेल्या राजाची गोष्ट वाचून मला धीर आला, हे त्यांचे माझ्यावरचे ऋण आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तरुण मंडळींना माझे सांगणे एवढेच, की यंत्रे मागण्यात तुमची चूक नव्हती. शरीर कमावण्याची इच्छा आहे म्हणूनच मागितलीत. पुढेमागे ऐपत झाली तर गाव तीही आणील. पण तोवर थांबायचे कारण नाही. वडीलधाऱ्यांना विनंती, की नवीन सभामंडपाची फरशी नुसती पंगतीसाठी आणि सतरंजीसाठी राखून ठेवू नये. काकडआरती आटोपल्यावर अर्धा तास ती पोरांना मोकळी द्यावी. एका वेळी वीस जण सहज मावतील, मी पावले टाकून मोजले आहे. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. आणि वडीलधाऱ्यांपैकी एकदोघांनी तरी स्वतः पहिल्या रांगेत उभे राहावे. औंधच्या राजाने आधी स्वतः जमिनीवर हात टेकले, मग रयतेला सांगितले. उभे राहायला कोणी नसेल, तर येत्या शनिवारी मी येऊन उभा राहीन. माझे चुकले तर पोरांनी हसावे, पण यावे.

देणगीदारांनी घामाच्या पैशाने ही फरशी घातली. तिच्यावर पोरांचा घाम पडला, तर मारुतिरायाला तो तेलाच्या अभिषेकाइतकाच प्रिय होईल, अशी माझी श्रद्धा आहे. ही अल्पशी शब्दसेवा श्रींच्या चरणी अर्पण करून लेखणी थांबवितो.

आपला,
एक ग्रामस्थ
(लिपिक, तालुका कचेरी)